पपईचा बाप

विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या खात्यात मी सव्वीस वर्षं काढली. या काळात माझं नाव हजारो घरांत पोचलं, पण प्रत्येक वेळी ‘कळवण्यास खेद होतो की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या पत्राच्या तळाशी. त्यामुळे एखाद्या चांगल्या गोष्टीला आपलं नाव असावं असं मला वाटू लागलं, तर त्यात माझं काय चुकलं? लोक रस्त्यांना नावं देतात, पुलांना देतात. मी फक्त पपईबद्दल बोलत होतो.

आमच्या मागच्या अंगणात पपईचं एक झाड आहे. मादी. पपईत नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात, ही माहिती मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळाली आणि मिळाल्यापासून मी ती प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. आमच्या झाडाचं फळ लहान, पिवळं, दोन मुठींएवढं. पण गोडी अशी की खाल्ल्यावर माणूस दोन मिनिटं कुणाची निंदा करत नाही. आमच्या गल्लीत हे फार मोठं प्रमाणपत्र आहे.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे टेपकाकांचं झाड. नर. टेपकाका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलचा टेप असतो. बोलता बोलता तो खर्रकन बाहेर येतो आणि समोरचं दार, टेबल किंवा माणूस मोजून परत आत जातो. त्यांचं झाड चौदा फूट उंच. त्याला फुलांच्या लांब माळा लोंबायच्या, फळ मात्र एक नाही. वर त्याची सावली काकांच्या गच्चीवरच्या सोलर हीटरवर पडायची.

“सकाळी सात फूट दोन इंच सावली,” काका एक दिवस भिंतीवरून म्हणाले. “सहा महिने झाले, गार पाण्यानं अंघोळ करतोय. ना फळ, ना फुलाचा उपयोग. नुसता कचरा पाडतो. परवा कुऱ्हाडवाल्याला बोलावलंय.”

त्याच क्षणी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आमची गोडी, त्यांची उंची, आणि त्यातून निघणाऱ्या नव्या फळाला माझं नाव! मी विचारलं, “काका, याच्या घराण्यात फळं कशी होती?”

काका एकदम ताठ झाले. “याचं रोप माझ्या बहिणीकडचं. याच्या आईचं फळ साडेचार किलोचं, आत लालभडक. मी स्वतः मोजलंय.” टेपनं वजन कसं मोजलं, हे मी विचारलं नाही. संबंध जोडायच्या वेळी असे प्रश्न विचारायचे नसतात.

मग वाटाघाटी झाल्या. काका खुर्ची घेऊन भिंतीपाशी बसले आणि आमच्या झाडाला काही आजारबिजार आहे का, पानं का आखडलीयेत, आधी किती फळं झाली, असली चौकशी सुरू केली. मी चहा पाजला. शेवटी ठरलं ते असं: रोज तीन फुलं न्यायची, जास्त नाही. फळ पिकेपर्यंत कुऱ्हाड थांबेल. फळ मोठं आणि लाल निघालं तर झाड कायमचं राहील. नाही निघालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी झाड आडवं. म्हणजे माझ्या नावाबरोबर आता एका चौदा फुटी जिवाचीही जबाबदारी माझ्यावर आली होती, आणि तो जीव रोज सकाळी दात घासताना मला समोर दिसायचा.

बायको शाळेत गणित शिकवते. त्यामुळे ती प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिला आधीच माहीत असतं. “अहो, हे तुम्हाला जमणारे का?” तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं की मी तज्ज्ञांचा सल्ला घेतला आहे. तज्ज्ञ म्हणजे नर्सरीवाल्या बाई. त्यांनी मला सगळं नीट समजावलं होतं. मादीची कळी उमलण्याआधी तिला पिशवी बांधायची, म्हणजे वाऱ्यानं भलतेच परागकण येऊन बसत नाहीत. कळी उमलली की सकाळी नराचं ताजं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतली पिवळी पूड मादीच्या फुलावर अलगद लावायची आणि पिशवी पुन्हा बांधायची. “फळ धरलं, पिकलं, की मला सांगा,” बाई म्हणाल्या होत्या, “पुढचं तेव्हा बघू.” फळ पिकल्यावर पुढचं काय असणार? खायचंच ना! मी बाईंचे आभार मानून निघालो. ज्या घाईनं निघालो, ती आठवली की आजही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

कागदी पिशव्या पहिल्या दोन दिवसांतच दवानं भिजून फाटल्या. टेलरमास्तरांनी मलमलच्या पिशव्या शिवून द्यायचं कबूल केलं, “शुक्रवारी या” म्हणाले. त्यांच्या दुकानात शुक्रवार सोडून बाकी सगळे वार उगवतात. इकडे कळ्या काही मास्तरांसाठी थांबणार नव्हत्या. शेवटी मी कपाट उघडलं आणि जोडीदार हरवलेले पाच मोजे काढले. ऑफिसचे, काळे, नायलॉनचे. पाच कळ्यांना पाच मोजे घातले आणि वरून सुतळी बांधली. लांबून पाहिलं तर कुणीतरी अनेक पायांचं माणूस आमच्या झाडात उलटं लपून बसलंय असं वाटत होतं.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकूंनी झाडाला सर्दी आहे का, असं विचारलं. औषधाच्या दुकानदारानं व्हिटॅमिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून बुंध्याशी घालायला सांगितल्या, आणि गोळ्या त्याच्याच दुकानात होत्या हा योगायोग होता. संगीताच्या क्लासच्या बाईंनी झाडाला सकाळचे सूर ऐकवा म्हटलं. टेलरमास्तर स्वतः बघायला आले, मोज्यांच्या शिवणीला बोट लावून “काम चांगलं आहे” म्हणाले, आणि नराच्या खोडात लांब खिळा ठोकला की तोही फळं देतो असं खात्रीनं सांगून गेले. हे टेपकाकांनी ऐकलं. त्यानंतर चार दिवस ते माझ्या हातातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघत होते.

फुलं तोडायला मला रोज भिंतीवर चढावं लागे. स्टुलावरून भिंतीवर, एक पाय आमच्याकडे, एक पाय काकांकडे, अशी बैठक. खाली काका टेप घेऊन उभे. “एक झालं. दोन. ते नको, ते उद्याचं आहे.” तिसऱ्या दिवशी मी असाच भिंतीवर बसलेलो, डोक्यावर पराग, तोंडात सुतळी, आणि मागच्या गल्लीतून सकाळचं फिरायला निघालेले आमचे साहेब आले. मी त्या आठवड्यात पाठदुखीची रजा काढली होती.

साहेब थांबले. त्यांनी मला पाहिलं, झाडाला पाहिलं, मोज्यांना पाहिलं.

“पाठ बरी दिसते,” ते म्हणाले.

सुतळी तोंडात असल्यामुळे मला खुलासा करता आला नाही. ती तोंडात नसती तरी काय खुलासा केला असता, हेही मला अजून सुचलेलं नाही.

याच सुमारास मी फळपीक नोंदणी कार्यालयात जाऊन आलो. म्हटलं, फळ हातात येईपर्यंत कुणी दुसऱ्यानं नोंद केली तर? काचेपलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नवीन वाण. फळ आणलंय?”

“अजून धरायचंय.”

“मग नोंद कशाची करू?”

“निदान नाव राखून ठेवता येतं का?”

“काय नाव?”

मी माझं नाव सांगितलं.

“हे अर्जदाराचं झालं. फळाचं सांगा.”

“तेच.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “अहो, लोक निदान बायकोचं देतात,” ते म्हणाले. मग त्यांनी चार पानी अर्ज सरकवला. आईच्या झाडाचा पत्ता, बापाच्या झाडाचा पत्ता, बापाच्या मालकाचं संमतीपत्र दोन प्रतींत, आणि सोबत पिकलेलं फळ जोडणे. मी ‘जोडणे’ म्हणजे कसं, असं विचारलं. “टाचणी लावून नव्हे,” ते म्हणाले आणि जेवायला गेले. त्यांच्या सुरात मला माझाच सूर ऐकू आला, म्हणून जास्त लागलं.

पाच फुलांपैकी दोन गळाली. तिसऱ्याच्या मोज्यात लाल मुंग्यांनी घर केलं आणि मोजा काढताना त्यांनी मला त्याचा जाब विचारला. चौथं फळ लिंबाएवढं झाल्यावर एका पोपटानं चोच मारून खाली पाडलं. उरलं एक. त्या एकाला मी बायकोची बाजाराची जाळीदार पिशवी बांधली. तेव्हापासून पाच महिने आमच्या घरात भाजी कागदात बांधून येत होती. मी दिवसातून सहा वेळा अंगणात जाऊन फळ बघायचो. “पोरांच्या वेळी इतक्यांदा उठून बघितलं नव्हतं तुम्ही,” बायको म्हणाली. तिकडून टेपकाकाही दर रविवारी येऊन फळ मोजत. ते आकार सांगत आणि मी त्यांचा चेहरा वाचत असे. आकार नेहमीच्याच पपईचा होता. मी मनाशी म्हणायचो, शेवटच्या महिन्यात झपाट्यानं वाढेल.

फळावर पिवळी झाक आली तसा मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. खरं सांगायचं तर मला चढवायला कुणी लागलंच नाही, मी आपला आपणच वर गेलो. ‘नवीन फळाचा आस्वाद समारंभ, रविवार सकाळी नऊ, आपली उपस्थिती प्रार्थनीय’ अशी चाळीस आमंत्रणं छापून घेतली. खाली ठळक अक्षरांत माझं नाव. साहेबांनाही दिलं. नर्सरीवाल्या बाईंना प्रमुख पाहुण्या केलं.

रविवारी अंगणात चौतीस माणसं जमली. फळ एक. बायकोनं बशीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि तोंडी हिशेब करून म्हणाली, “प्रत्येकी साखरेच्या खड्याएवढं येईल.” बाईंचा पत्ता नव्हता. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी भाषण सुरू केलं. गोडी, रंग, आकार, दोन घराणी, हे सगळं बोललो. “आत्ता तुम्हाला आत लाल रंग दिसेल,” असं म्हणून मी सुरी चालवली.

आत पिवळं होतं. आमचं नेहमीचं पिवळं.

टेपकाका पुढे आले, टेप काढला, लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि टेप हळूच आत घातला. बायकोनं चमच्यानं बिया खरवडल्या, पटापट फोडी केल्या, आणि सगळ्यांना एकेक दिली. मी प्रत्येकाच्या जबड्याकडे बघत होतो.

“गोड आहे,” समोरच्या काकू म्हणाल्या. “नेहमीसारखीच.”

“अगदी नेहमीसारखीच,” टेलरमास्तर म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “कळवण्यास खेद होतो,” एवढंच म्हणून ते निघाले. माणूस एरवी विनोद करत नाही, आणि केला तो कधी!

मला लाज वाटली, पण त्याहून वाईट वाटलं ते भिंतीपलीकडे बघताना. वर तोच उंच, बिनकामाचा म्हणून बदनाम झालेला गडी वाऱ्यावर फुलांच्या माळा हलवत उभा होता. त्याला काय माहीत, त्याचा निकाल लागला म्हणून! टेपकाका जाता जाता म्हणाले, “उद्या सकाळी कुऱ्हाडवाला येईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्यांचाही आवाज काही खणखणीत नव्हता.

पाहुणे पांगले आणि नर्सरीवाल्या बाई धापा टाकत आल्या. रिक्षा बंद पडली होती. “छान, छान! पिकलं का? बिया कुठायत?”

“बिया?” मी म्हटलं. “बाई, फळ नेहमीचंच निघालं. फसलं सगळं.”

“फळ नेहमीचंच असणार,” बाई म्हणाल्या. “फळ आईचं. त्याचा गर, त्याची साल, सगळं आईचं. नवीन जात बियांत असते. त्या लावायच्या, त्यांची झाडं होतील, त्यांना फळं लागतील, त्यातलं एखादं लाल, मोठं आणि गोड निघेल. म्हणून तर म्हटलं होतं, पुढचं तेव्हा बघू. बिया कुठायत?”

मी बायकोकडे पाहिलं. मला आठवतं तसं, तिच्या चेहऱ्यावर उत्तर नसलेला हा पहिलाच प्रश्न होता. “पुडक्यात बांधून ओल्या कचऱ्यात टाकल्या,” ती म्हणाली. “आणि घंटागाडी आत्ताच गेली.”

भिंतीपाशी अजून रेंगाळणारे टेपकाका वळले. “थांबा. म्हणजे त्या बियांत आमच्या झाडाचं काही आहे?”

“अर्धं,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक बीत.”

“किती असतील बिया?”

“चारशे, साडेचारशे.”

काकांनी टेप काढला आणि काहीच न मोजता परत आत घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस एवढा मोठा आकडा ऐकून टेप असा नुसताच मिटताना मी पाहिला नव्हता. मग ते अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात घरातल्या सपाता, गल्लीतून पळत सुटले. मी मागून. माझ्या गळ्यात समारंभासाठी बांधलेला टाय होता, तो पाठीवर उडत होता.

घंटागाडी आम्हाला दुसऱ्या चौकात सापडली. गाडीवरच्या माणसानं आमचं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली. “गाडीत पडलं की ते पालिकेचं. परत द्यायची परवानगी नाही. वरून सक्त सूचना आहेत.”

“अहो, पण बिया माझ्या आहेत.”

“पुरावा?”

सव्वीस वर्षं मी हा एकच शब्द लोकांना विचारत आलो. तो समोरून आला की कसा लागतो, हे मला त्या दिवशी त्या चौकात कळलं. मी उगाचच खिसे चाचपले. काकांनी मात्र गाडीच्या फळीवर पाय ठेवला होता आणि ते वर चढले होते. टेपनं एकेक पिशवी उचकत होते. “ओल्या कचऱ्याचा थर दीड फूट,” ते वरून ओरडले. “आपलं वरच्या सहा इंचांत असणार!” आणि खरंच, थोड्याच वेळात त्यांनी एक पुडकं वर धरलं. बायकोनं उरलेल्या आमंत्रणाच्या कागदात बिया बांधल्या होत्या. बाहेरून माझं नाव ठळक अक्षरांत स्वच्छ वाचता येत होतं. कचरागाडीवाल्यानं नाव वाचलं, माझं ओळखपत्र मागून घेतलं, दोन्ही ताडून पाहिलं. “जुळतंय,” तो म्हणाला. “न्या.” मी आयुष्यात इतक्या लवकर कुणाचा दावा मंजूर केला नव्हता.

दुपारभर आम्ही दोघं काकांच्या व्हरांड्यात बसून बिया चोळत होतो. पपईच्या बीवर बुळबुळीत आवरण असतं, ते निघाल्याशिवाय बी रुजत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. काकांच्या पांढऱ्या शर्टावर कचऱ्याचे डाग तसेच होते. बिया चारशे बारा निघाल्या. काकांनी दोनदा मोजल्या. आम्ही झाडाबद्दल काही बोललो नाही. शब्द म्हणजे शब्द. फळ लाल निघालं नव्हतं, आणि या बियांना फळं लागायला निदान वर्षभर तरी होतं. तोवर थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडे शिडी आपटल्याचा आवाज आला. मी दात घासत होतो, तसाच ब्रश तोंडात धरून बाहेर धावलो. कुऱ्हाडवाला शिडी टाकून उभा होता. काका व्हरांड्यात खुर्चीवर, केस ओले, अंगावर काटा. नुकतीच गार पाण्याची अंघोळ झाली असावी. समोर परातीत बिया सावलीत वाळत होत्या, आणि काका हातातल्या वर्तमानपत्रानं चिमण्या हाकत होते.

“काका, हेच ना झाड?” कुऱ्हाडवाल्यानं विचारलं.

काका उठले. परात उचलून त्यांनी आधी ती दाराच्या आत सुरक्षित ठेवली. मग कुऱ्हाडवाल्याजवळ आले. “अरे, पोरं अजून मातीत सुद्धा गेली नाहीत,” ते म्हणाले, “आणि तू बापाला तोडायला आलास?”

कुऱ्हाडवाल्याला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात फेस होता आणि डोळ्यांत पाणी, त्यामुळे त्याला माझी काही मदत झाली नाही.

“मग मी परत जाऊ?”

“आलाच आहेस तर वाळकी पानं काढून टाक. आणि शिडी सांभाळून टेकव. वर फुलं आहेत.”